२२ घटकांचं पॅकेज घ्यावं का?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : गावात आरोग्य शिबिर झालं. हातात एक दांडी धरायला लावून मशीनने दोन मिनिटांत रिपोर्ट काढला. ‘शिसं जास्त, कॅडमियम जास्त, झिंक कमी, कॅल्शियम कमी.’ आता शिबिरवाले ४,९९९ रुपयांत रक्तातले २२ घटक तपासा म्हणताहेत, खनिजंही आणि विषारी धातूही. त्यानंतर ‘धातू बाहेर काढायच्या’ सलाईनचे दहा डोस. ताईंचा भाऊ जळगावात सोन्याच्या कामाचा कारागीर आहे, हल्ली त्याचे हात थरथरतात, म्हणून मुख्य काळजी त्याची. मुलगा ४ वर्षांचा, हिमोग्लोबिन ८.९, माती आणि भिंतीचे पोपडे खातो. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय : ‘मिस्टरांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान घराच्या ओट्यावरच आहे.’

ताई, मी ती शेवटची ओळ वाचली आणि पुन्हा वरून वाचायला लागलो. तुम्हाला काळजी भावाची आहे, ती असावीच. पण माझ्या लॅबमध्ये तुम्ही आलात तर आधी मी तुमच्या मुलाचं रक्त घेईन. आणि २२ घटक तपासणार नाही.

आधी त्या दांडीच्या मशीनचं मिटवू. त्यात रक्त जात नाही, लघवी जात नाही, धातू मोजला जाईल असं काहीच त्यात नसतं. तो कागद चुलीत घाला. रक्तातलं शिसं खरोखर मोजायचं तर बहुतेक मोठ्या लॅबमध्ये आयसीपी-एमएस नावाचं यंत्र वापरतात. नमुन्याचा बारीक फवारा आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या ज्वाळेत जातो, तिथे अणूंचे आयन होतात, आणि मग वस्तुमानाप्रमाणे त्यांची मोजदाद होते. अब्जात काही भाग इतकं कमी प्रमाणही त्यात कळतं. जळगाव-धुळ्यातल्या आम्हा लहान लॅबवाल्यांकडे हे यंत्र नसतं. आम्ही नमुना घेतो, नीट भरतो आणि मुंबई-पुण्याकडे पाठवतो. हे सांगायला लाज वाटण्यासारखं काही नाही. लपवायला मात्र वाटली पाहिजे.

आता पॅकेज. कोणत्याही तपासणीची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारण अशी ठरते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडण्याची शक्यता ५ टक्के. हे एका तपासणीचं झालं. एकमेकांशी संबंध नसलेल्या २२ तपासण्या एकदम केल्या तर ठणठणीत माणसाच्या कागदावर निदान एक तरी आकडा लाल होण्याची शक्यता दोन तृतीयांशाच्या आसपास जाते. पॅकेज विकणाऱ्याला तो एक लाल आकडा पुरतो. माझ्याकडे येणारे आजोबा खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, ‘डॉक्टर, मन्हा रिपोर्टमा काय निंघनं?’ बावीस ठिकाणी शोधलं की काहीतरी ‘निंघतंच’.

तुमच्याकडे कुणी केळीवाला नातेवाईक असेल तर त्याला विचारा. रावेर-यावलकडचा शेतकरी मातीचा रिपोर्ट वेगळा आणि पानाचा वेगळा, हे जाणतो. पानाचं परीक्षण करायचं तर कोणतंही पान तोडून चालत नाही. वरून तिसरं उघडलेलं पान, तेही ठरावीक वयाचं. माणसाचंही तसंच आहे. कोणता धातू शोधतोय त्यावर रक्त की लघवी, पूर्ण रक्त की सीरम, आणि संपर्क आल्यावर किती दिवसांत, हे ठरतं. एकाच नळीतून बावीस उत्तरं काढणारा पहिल्याच पायरीला चुकलेला असतो.

शिशाचं बघा. रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींना चिकटलेलं असतं, ९५ टक्क्यांहून जास्त. पेशी बाजूला काढून उरलेल्या सीरममध्ये शिसं शोधलं तर रिपोर्ट छान येतो, आणि तो साफ फसवा असतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे. लॅब सुरू करून दोनच वर्षं झाली होती. भुसावळकडचा एक माणूस, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. पोटात असह्य कळा, बद्धकोष्ठ, अंगात रक्त नाही. एका दवाखान्यात त्याचं अपेंडिक्सही काढून झालं होतं, दुखणं तसंच. मला शंका आली, मी नमुना पाठवला, पण साध्या लाल झाकणाच्या, म्हणजे सीरमच्या नळीत. रिपोर्ट आला ‘नॉर्मल’ आणि मी त्याला तसंच सांगितलं. आठवड्याने तो पुन्हा आला तेव्हा त्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली सावकाश पाहिली. तांबड्या पेशींमध्ये निळे बारीक ठिपके, जणू कुणी बोरूने टिंबं दिलीत. हे ठिपके इतर आजारांतही दिसतात, पण शिशाच्या विषबाधेत ते पुस्तकातलं चित्र आहे. मग ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या नळीत पूर्ण रक्त पाठवलं. आकडा आला ७४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. तो आठवडा माझ्या हिशेबात अजून उधार आहे.

म्हणून तुमच्या मुलासाठी : ‘पूर्ण रक्तातलं शिसं’, असं चिठ्ठीवर लिहून घ्या. शिरेतून काढलेलं रक्त हवं. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळते, आणि बॅटरीच्या दुकानाशेजारी राहणाऱ्या पोराच्या बोटावर काय असेल ते सांगायला नको. उपाशीपोटी येण्याची गरज नाही.

आकडा वाचताना एकक बघा. बहुतेक लॅब मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही प्रति लिटरमध्ये. दोघांत दहापटीचा फरक आहे. ३५ लिहिलेलं पाहून एका बापाने रात्रभर डोळा मिटला नव्हता. ते प्रति लिटर होतं, म्हणजे ३.५. आणि ३.५ ला सुरक्षित म्हणायचं का? अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये लहान मुलांसाठी हा दखल घेण्याचा आकडा ठरवला. २०१२ पासून तो ५ होता, त्याआधी १०. आकडा खाली खाली येत गेला, कारण अमुक इतकं शिसं पोराच्या मेंदूला चालतं अशी पातळी कुणाला सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा वर आकडा असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, असं म्हणते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. तेव्हा तुमच्या मुलाचा आकडा ७-८ आला तर छाती बडवू नका, आणि ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद फडताळातही टाकू नका. ४५ च्या वर गेला तर मात्र थेट मोठ्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाकडे. शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं लहान मुलांमध्ये साधारण तिथून पुढे विचारात घेतात.

त्याखाली पहिला उपाय शिशाचा रस्ता बंद करणं. ताई, ओट्यावर बॅटरी उघडणं, प्लेट घासणं, शिसं वितळवणं, हे आजपासून बंद करायला सांगा. धंदा बंद करा म्हणत नाही. पाणी भरणं, चार्जिंग, विक्री चालू द्या, पण उघडझापीचं काम घरापासून लांब गेलं पाहिजे. ओटा आणि घर कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. शिशाची धूळ जड असते, झाडली की उडते आणि पुन्हा तिथेच बसते. मिस्टरांचे कामाचे कपडे दुकानातच बदलायचे, वेगळ्या बादलीत धुवायचे. ते धुताना धूळ तुमच्याही अंगावर येते, म्हणून तुमचं आणि मिस्टरांचं शिसंही तपासा. तीन माणसांचं नुसतं शिसं तपासून पाहा, त्या एका पॅकेजहून ते जास्त सांगेल. पुढे बाळाचा विचार असेल तर आधी तपासाच, कारण शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि गरोदरपणात हाडांतून सुटून बाळापर्यंत पोचतं.

दुकान हा पहिला संशयित, पण घरातही एक नजर फिरवा. भिंतीचा पोपडा कोणत्या रंगाचा आहे? आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत असलं पाहिजे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा ऑइलपेंट भिंतीवर, दारावर तसाच असतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आणलेला, कोपऱ्यात पडलेला जुना डबाही त्यातच आला. हळद फार पिवळीजर्द, हाताला रंग सोडणारी असेल तर बदला. हळकुंडांना चकाकी आणायला लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार बांगलादेशात सविस्तर उघडकीला आला, आपल्याकडेही भेसळ सापडलेली आहे. इथे एक गैरसमज : ‘आम्ही हळकुंडं आणून गिरणीतून दळून आणतो, आम्हाला काय होतंय.’ पॉलिश हळकुंडालाच होतं, दळण्याच्या आधी. कल्हईत कथलासोबत शिसं मिसळलेलं असू शकतं. काजळ-सुरम्याचंही तेच. आणि गावोगाव फिरणाऱ्या वैदूच्या पुड्या. आयुर्वेदात रसशास्त्राची मोठी परंपरा आहे, मी तिच्यावर बोलत नाही. लेबल नसलेल्या पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, एवढंच माझं म्हणणं. पोटदुखी आणि पांढुरका चेहरा घेऊन आलेल्या पुरुषाला मी आधी ‘शक्तीची पुडी घेता का?’ हे विचारतो, बायकोला बाहेर बसवून.

आता मुलाचं हिमोग्लोबिन. ४ वर्षांच्या मुलाचं ११ च्या वर हवं, ८.९ म्हणजे मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय. माती खाणं हा बऱ्याचदा लोह कमी असल्याचा परिणाम असतो, आणि तेच मातीतलं शिसं तोंडात नेण्याचं साधनही होतं. भरीस भर, आतड्यात लोह ज्या वाहकावरून आत येतं त्यावरूनच शिसंही शिरतं. लोह कमी असलं की शरीर तो दरवाजा जास्त उघडतं आणि शिशाची चैन होते. मोठा माणूस गिळलेल्या शिशापैकी दहावा हिस्सा शोषतो असं धरलं तर लहान मूल त्याच्या चार-पाच पट शोषतं. म्हणून या घरात खनिज आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. लोह भरून काढणं हाच शिशावरचा अर्धा उपचार.

त्यासाठी सीरम आयर्न एकटं करू नका. ते सकाळ-संध्याकाळ बदलतं, कालच्या लोहाच्या गोळीने फुगतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि सोबत सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी) करा. फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी. पाच वर्षांखालच्या मुलात १२ च्या खाली असेल तर कोठी रिकामी. सीआरपी अशासाठी की ताप-सर्दीत फेरिटिन उगाच वाढतं आणि रिकामी कोठी भरलेली दिसते. सीआरपी वाढलेलं असेल तेव्हा फेरिटिनचा ३० च्या खालचा आकडाही कमीच धरतात. सीबीसीत पेशी बारीक असतील तर थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष डोक्यात ठेवावा लागतो, आणि सातपुड्याकडची भिल्ल-पावरा मंडळी असतील तर सिकलसेलची तपासणी मी न विचारता जोडतो. औषधाचा डोस वजनावर ठरतो, तो बालरोगतज्ज्ञांना ठरवू द्या. जेवणाबरोबर चहा देत असाल तर तो आजच थांबवा. कळण्याची भाकरी चांगलीच आहे, तिच्यावर लिंबू पिळा, लोह जास्त अंगी लागेल.

भावाकडे येतो. सोन्याच्या कारागिराच्या बाबतीत मला दोन धातू आठवतात, आणि दोन्हींसाठी लघवी रक्ताइतकीच, कधी जास्त, महत्त्वाची. पहिला कॅडमियम. केडीएम सोनं हा शब्द तुम्ही सराफाकडे ऐकला असेल. सांधा झाळताना वापरायच्या सोल्डरमध्ये कॅडमियम असायचं. कॅडमियम ३२१ अंशाला वितळतं आणि ७६७ अंशाला उकळतं. सोन्याच्या कामाच्या आचेत त्याची वाफ होते आणि ती फुंकणीशी बसलेल्याच्या छातीत जाते. दागिना घालणाऱ्या बाईला काही होत नाही, घडवणाऱ्याची मूत्रपिंडं जातात. म्हणूनच ते सोल्डर मागे पडलं. पण छोट्या खोलीतल्या कामात काय वापरतात ते भावालाच विचारा. रक्तातलं कॅडमियम अलीकडचा संपर्क सांगतं, लघवीतलं वर्षानुवर्षांचा साठा, कारण मूत्रपिंडात त्याचा अर्धा भाग कमी व्हायलाच १० ते ३० वर्षं लागतात. भाऊ विडी-सिगारेट ओढतो का, हेही सांगा; तंबाखूच्या धुरात कॅडमियम असतं.

दुसरा पारा, आणि हात थरथरतात म्हटल्यावर माझं लक्ष आधी तिकडेच जातं. सराफ बाजारातली झाडलोट, गटारातला गाळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी पाऱ्यात सोन्याचे कण पकडतात आणि मग तो गोळा तापवून पारा उडवतात. तो उडालेला पारा श्वासातून आत जातो. यासाठी लघवीतला पारा तपासायचा, क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडं लघवीत टाकतात त्या एका टाकाऊ पदार्थाच्या) प्रमाणात दिलेला. नाहीतर माणूस त्या दिवशी पाणी किती प्यायला त्यावर आकडा डोलतो. रक्तातला पारा मासे खाण्यानेही वाढतो. पण हात थरथरण्याची साधी कारणं आधी बघा : थायरॉइड, दारू, साखर कमी होणं, दम्याची औषधं. थायरॉइडची टीएसएच तपासणी पाऱ्यापेक्षा स्वस्त आहे आणि जास्त वेळा उत्तर देतं. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन करून घ्या.

पॅकेजमधलं उरलेलं भराभर. आर्सेनिक रक्तातून काही तासांत निघून जातं, ते लघवीत बघतात, तेही तीन-चार दिवस समुद्राचे मासे न खाता. तुमच्या गोष्टीत त्याचा काही धागा दिसत नाही. कॅल्शियम : शरीरातलं ९९ टक्के हाडांत, रक्तातलं शरीर काटेकोर सांभाळतं, त्यामुळे हाडं ठिसूळ झाली तरी रक्तातला आकडा नॉर्मल राहतो. आकडा कमी आलाच तर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बघा. अल्ब्युमिन कमी असलं की कॅल्शियम खोटं कमी दिसतं. मॅग्नेशियमचंही रक्तात असतं ते एकूणच्या एक टक्क्याच्या आसपास. पोटॅशियमचा नमुना मे महिन्यात खेड्यावरून मोटरसायकलच्या डिकीतून आला आणि पेशी फुटल्या की आकडा आभाळाला टेकतो. अशा रिपोर्टवर मी सही करत नाही, पुन्हा रक्त मागवतो, लोक रागावतात. तांबं गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतं. विल्सनच्या आजारात यकृतात तांबं साठत असताना रक्तातलं एकूण तांबं उलट कमी दिसू शकतं. झिंक जेवणानंतर घसरतं, तापात घसरतं, आणि नळीच्या रबरी बुचातून आलेल्या झिंकने वाढतं. जुलाब झालेल्या पोराला झिंकची गोळी देताना म्हणूनच कुणी आधी रक्त तपासत नाही. केसांतल्या धातूंचा रिपोर्ट कुणी विकत असेल तर केस कापून घरी या.

सलाईनबद्दल मला मऊ शब्द सापडत नाहीत. धातू बांधणारी औषधं शिशाबरोबर कॅल्शियम, झिंकही ओढतात. नळीत असतं ते ईडीटीए अशा औषधांतलंच एक. त्याचे दोन क्षार आहेत, एक कॅल्शियमचा आणि एक नुसता सोडियमचा. सोडियमचा चुकून दिला गेला आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळून माणसं दगावली. अमेरिकेत २००३ ते २००५ मध्ये असे ३ मृत्यू नोंदले गेले, त्यांत २ मुलं होती. आणखी एक क्लृप्ती : आधी औषध देऊन मग लघवी तपासायची. औषधाने कुणाच्याही लघवीत धातू वाढतो, आणि तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या मर्यादेशी ताडून ‘विषबाधा’ दाखवता येते. अमेरिकेतल्या विषवैद्यकांच्या संघटनेने २०१० मध्येच या पद्धतीला आधार नाही असं जाहीर केलं. शिवाय ओट्यावर शिसं वितळत असताना सलाईन लावणं म्हणजे घागरीला भोक ठेवून पाणी भरणं.

आता नमुना द्यायला जाल तेव्हाचं. शिशाला गडद निळ्या झाकणाची, ईडीटीए असलेली नळी उत्तम. ती नसेल तर जांभळ्या झाकणाची चालते, फक्त पाठवायच्या लॅबला आधी विचारून. फिकट निळ्या झाकणाची नळी रक्त गोठण्याच्या तपासणीची असते, तिच्यात घेऊ देऊ नका. घाईत ही गल्लत होते. लघवी प्लास्टिकच्या स्वच्छ, धातूचं झाकण नसलेल्या डबीत, आणि भावाने कामाच्या जागी नव्हे, घरी अंघोळ करून, हात धुऊन ती भरायची. एमआरआय किंवा सीटी स्कॅनला शिरेतून रंगद्रव्य दिलं असेल तर चार दिवस थांबा, यंत्राची वाचनं बिघडतात. लॅबला एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे एवढं पुरत नाही, शिशाची तपासणी त्या मान्यतेच्या यादीत आहे का ते विचारा. आणि सोमवार किंवा मंगळवारी सकाळी या. शनिवारी दिलेला नमुना रविवारभर कुरियरच्या गोदामात पडून राहतो.

पहिला आकडा काहीही येवो, ओटा हलवल्यावर महिना-दोन महिन्यांनी मुलाचं शिसं पुन्हा बघू; रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, तेव्हा आधी कळणार नाही. येताना हळदीची पुडी, पोपड्याचा तुकडा आणि घरात कुणी पुड्या घेत असेल तर त्या, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून आणा.